पाण्याच्या चुलीवरचा भात

सबिहा तांबोळीच्या नावावर दोन लाल शेरे पडले होते आणि तिसरा पडला की काम गेलं, हे तिला त्या दिवशी चिरेवाडीची चढण चढताना पुरतं ठाऊक होतं. बाकी कशाचाच भरवसा नव्हता. फाट्यावर सोडून गेलेल्या वडापच्या जीपवाल्यानं बजावलं होतं, "साडेतीनला खाली जाणार. तुमच्यासाठी न्हाई थांबायचा." मार्च सरत आला होता, उन्हानं वाट तापली होती. डोक्यावर ओढणी, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली आणि संस्थेचा मोबाईल, आणि त्या मोबाईलमध्ये चौसष्ट प्रश्न.

पुण्याच्या एका संस्थेची ही पाहणी. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या माणसांना काय वाटतं ते विचारायचं. गावात अडचण कशाची, महागाईनं काय काय सुटलं, राज्य कुणाचं बरं वाटतं, मत कुणाच्या सांगण्यावरून दिलं. वेल्ह्याचं नाव आता कागदावर राजगड तालुका झालंय, मोबाईलमध्येही तसंच होतं. पण चिरेवाडीत कुणाला विचारा, तो वेल्हे तालुकाच म्हणणार. असो. नियम कडक होते. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा. उत्तर सुचवायचं नाही. मान डोलवायची नाही. माणूस बोलायचा थांबला तर एकदाच, फक्त एकदाच म्हणायचं, "आणखी काही?" आणि मोबाईल अधूनमधून, आपल्याला न कळवता, दोघांचं बोलणं टिपून पुण्याला पाठवणार.

पहिला लाल शेरा सारोळ्याला मिळाला. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती प्रश्न विचारत होती आणि उत्तरं देत होता शेजारच्या बाकावरचा त्याचा दोस्त. दुसरा उत्रोलीचा. तिथल्या बाईनं खताच्या गोणीचा भाव सांगता सांगता डोळ्याला पदर लावला आणि सबिहाच्या तोंडून निघून गेलं, "खरंय हो, जगणं अवघड झालंय." संध्याकाळी सुपरवायझर प्रद्युम्नचा पुण्याहून फोन. पोरगा वयानं तिच्यापेक्षा लहान, पण बोलणं असं गोड की चिडताही येत नाही. "ताई, तुमचं मत कुणी विचारलं होतं?"

खरंच, कुणी विचारलं होतं? सबिहाला छत्तिसावं चालू होतं. अकरा वर्षं तिनं भोरात मिळेल ते केलं होतं: पोलिओचे डोस पाजले, मतदार याद्या घेऊन दारोदार फिरली, फावल्या वेळात शिवणकाम. प्रत्येक काम महिना-दोन महिन्यांचं, मग परत घरी. या पाहणीत मात्र ज्याचं काम स्वच्छ राहील त्याला तालुक्याचा सुपरवायझर करणार होते. दोन वर्षांची नेमणूक, महिन्याचा पगार, भोरला खोली आणि खोलीत खुर्ची. तिला ती खुर्ची हवी होती. लोकांच्या ओट्यावर मांडी घालून बसून तिची पाठ गेली होती. नवरा इमरान टेम्पो चालवायचा, तो म्हणायचा, "तू आधीच खुर्चीत बसल्यासारखी बोलायला लागलीस." ती हसायची, पण मनातून ती खुर्चीतच होती. चिरेवाडीची सात घरं म्हणजे शेवटची सात. ती सुरळीत गेली की झालं.

आता पहिल्या प्रश्नाचं सांगायला हवं, कारण घोळ तिथंच झाला. प्रश्न असा: या घरात एका चुलीवर किती माणसं जेवतात? पाहणीवाल्यांच्या लेखी कुटुंब म्हणजे छप्पर नव्हे, चूल. दोन भाऊ एका आढ्याखाली राहिले पण शिजवतात निराळं, तर ती दोन कुटुंबं. पुण्यात बसून कुणीतरी शहाण्यानं लिहिलेला साधा प्रश्न. चुकीचाही नाही.

पण चिरेवाडीत महिनाभर एक हवा उठली होती. म्हणे रेशनकार्डं नव्यानं करणार, आणि ज्याची चूल निराळी त्याला कार्डही निराळं. हे कुठून आलं, कुणी सांगितलं, काही पत्ता नाही. आणि अशात एक बाई दारात येते, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, आणि पहिलाच प्रश्न विचारते चुलीचा. माणसांनी काय समजायचं?

पहिली दोन घरं नीट गेली. ती तिसऱ्या घराच्या अंगणात पोचेतो वाडीत प्रत्येक घराच्या मागून धूर निघायला लागला होता. अकरा वाजता, भर उन्हात. या भागात घरटी मागच्या पडवीत एक चूल असतेच, अंघोळीचं पाणी तापवायची. तिच्यावर हंडा काढून पातेलं ठेवलं की झाली दुसरी चूल. वाटण्या इतक्या झटपट होत असत्या तर भोरच्या कोर्टात माश्या मारायची पाळी आली असती.

सबिहा काही काल जन्मलेली नव्हती. तिसऱ्या घरी ती आधी मागं गेली, पातेलं तिरकं करून बूड बघितलं आणि म्हणाली, "मावशी, ह्याला लग्नात मिळाल्यापासून जाळ लागलेला दिसत नाही." ती बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. झाकण काढलं तर आत नुसतं पाणी. सबिहानं सांगितलं, हे रेशनचं नाही.

"रेशनचं न्हाई म्हणता? मग आधी सांगायचं की. उगं सरपण जाळलं."

आधी सांगितलंच होतं. "या माहितीतून आपल्याला कोणताही लाभ मिळणार नाही," हे वाक्य ती दर घरी पहिल्यांदा वाचत होती. पण ते कोण ऐकतं? लाभ नाही म्हणणारा माणूस दारात कशाला येईल, असंच सगळे धरून चालतात. तेव्हापासून तिनं शिस्त लावली: आधी मागची चूल बघायची, समजूत घालायची, मग मोबाईलमध्ये आकडा दाबायचा. कारण आकडा एकदा दाबला की मागं जाता येत नव्हतं. अशी सहा घरं झाली.

सातवं घर सावळारामचं. पोचायला सव्वादोन झाले. साडेतीनची जीप डोक्यात, पोटात सकाळच्या दोन चपात्या, आणि समोर सावळाराम. चाळिशी ओलांडलेला, बोलका, उत्तर प्रश्नाच्या आधी तयार. खुर्ची आणली, पाणी आणलं, स्वतःचा मोबाईल नंबर सांगितला आणि म्हणाला, "मॅडम, दोन चुली लिवा. आमची चार माणसांची एक. आईची निराळी. एका माणसाची."

सबिहानं दोन दाबलं.

दाबलं आणि लगेच तिला कळलं. बघायचं राहिलं होतं. तिसऱ्यापासून दर घरी बघितलं आणि सातव्याला घाई नडली. मोबाईल त्याच्या पद्धतीनं दोन चुलींतली एक स्वतःच निवडायचा. त्यानं निवडली दुसरी. पडद्यावर आलं: कुटुंब क्रमांक दोन, सदस्य एक. मुलाखत घ्या.

ती मागं गेली. पडवीत पाटावर एक म्हातारी बसली होती, पासष्टीच्या पुढची, वाळकी, कपाळावर गोंदण. समोर पाण्याची चूल, चुलीवर काळंमिट्ट पातेलं. पातेल्यात पाणी, पाण्यात काही नाही. बस म्हणून सांगितलं म्हणून बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा तिचा चेहरा होता.

"आजी, तुमचं निराळं शिजतं का हो?" सबिहानं हळूच विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.

"सावळाराम म्हनला, हितं बस." म्हातारी, भिमाबाई तिचं नाव, खरं तेच बोलली.

म्हणजे झालं. आता मार्ग दोन. फॉर्म रद्द करायचा तर कारण लिहायचं, आणि कारण एकच होतं: माहिती घेणाऱ्याची चूक. लाल शेरा. भरून पाठवायचा तर तो खोटा, आणि खोटा सापडला की तोच लाल शेरा, वर बेअब्रू. सबिहाला भीती वाटली. खुर्ची गेली, खोली गेली, पुन्हा शिवणयंत्रापुढं बसायचं, हे सगळं त्या पडवीत तिच्या डोळ्यांपुढं आलं. न सापडण्याची आशा तेवढी उरली होती. ती धरून ती जोत्यावर बसली आणि वाचायला लागली.

"तुम्ही सांगाल ते गुप्त ठेवलं जाईल. शेजारी, गावातले लोक किंवा घरातली माणसं यांपैकी कुणालाही ते सांगितलं जाणार नाही."

म्हातारीनं मान वर केली. "घरातल्या कुणालाच न्हाई?"

"नाही."

"सावळारामाला बी न्हाई?"

"कुणालाच नाही, आजी."

"मग इचार."

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"सावळाराम."

"या चुलीवर तुम्ही एकट्याच आहात. मग प्रमुख तुम्हीच लिहावं लागतं."

"मी?" भिमाबाईंनी जरा विचार केला. "लिव की मग."

गावाची मोठी अडचण कोणती? पाणी. चैतापासून विहीर तळाला जाते. दुसरी? रानडुकरं. रस्ता? रस्ता झालाय, पर एसटी वर येत न्हाई. सबिहा टिचक्या मारत गेली. उत्तरं वाडीभर हीच होती. पुढं महागाईचा भाग. प्रश्न एकोणतीस: गेल्या काही वर्षांत महागाईमुळं तुम्ही कोणता पदार्थ खायचा सोडला?

"महागाईमुळं काय न्हाई सोडलं." म्हातारी चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "मीठ सोडलं. पर त्ये महागाईमुळं न्हाई."

मीठ यादीत नव्हतंच. डाळ होती, तेल होतं, दूध, मटण, फळं. सबिहानं नियमातलं एकमेव वाक्य उच्चारलं.

"आणखी काही?"

आणि ते दोन शब्द ऐकून म्हातारी बोलायला लागली. सलग, आवाज न चढवता, भांडी घासता घासता बोलावं तसं.

"चार वर्सं झाली. घेरी येऊन पडले व्हते. शेजारणीसंगं दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हनला, प्रेशर हाय, मीठ कमी खा. घरी येऊन सांगितलं एकदा. सगळी व्हय व्हय म्हनली. पर सुलक्षणा माझी सून, ती पहाटं उठती, समद्यांचं करती आन् खाली रोपांच्या नर्सरीवर रोजानं जाती. तिला हात दोनच. एकीसाठी निराळं कालवण ती कवा करणार? म्या तरी माझ्या सासूला कुठं निराळं केलं व्हतं. तवा म्या काय म्हनले न्हाई परत. समद्यांची जेवणं झाली की मी हितं मागं येते. कालवणातल्या फोडी पाण्यात धुते, मीठ उतरतं. भाकरी पाण्यात कुस्करते, दात न्हाईत. खाते आन् आत जाते."

"रोज?"

"रोज. दोन टाईम. ह्या चुलीपाशी जरा ऊब बी असती." मग एकदम, "हे लिवायचं का न्हाई तुझ्यात?"

लिहायचं होतं. "इतर" म्हणून एक चौकट होती, तिच्यात चाळीस अक्षरं मावायची. सबिहानं लिहिलं: प्रेशर, मीठ सोडलं, भाजी धुऊन खातात. पुण्यात कुणी ते वाचणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिला वाईट वाटलं आणि तिनं मान डोलवली नाही.

पातेल्यातलं पाणी खळाखळा उकळत होतं. भिमाबाईंनी त्याच्याकडं बघितलं.

"उगं सरपण जळतंय," असं म्हणून त्या उठल्या, आत गेल्या आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या. इंद्रायणी, घरच्या खाचराचा. दोन पाण्यांनी धुतला आणि पातेल्यात सोडला. मिठाच्या डब्याकडं गेल्याच नाहीत. पाटावर परत बसून म्हणाल्या, "हं, पुढचं इचार."

तो तांदूळ पातेल्यात पडताना बघून सबिहाच्या मनात पहिलं आलं ते हे की आता निदान चुलीवर काहीतरी आहे. म्हातारीच्या चार वर्षांचं ऐकून दोन मिनिटं झाली नव्हती आणि आपण फॉर्मचा हिशेब करतोय. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार आला तो आला.

शेवटी राजकारण. गेल्या निवडणुकीत मत कुणाच्या सांगण्यावरून दिलंत? नवरा, मुलगा, गावातला पुढारी, स्वतःच्या मनानं.

भिमाबाईंनी घराच्या दाराकडं बघून घेतलं. "घरानं एक सांगितलं व्हतं. म्या दुसरं दाबलं."

"कुणाला?" हा मात्र यादीतला प्रश्न होता, चौसष्टावा.

"ते न्हाई सांगायची. दाबलं माझं मी." आणि पहिल्यांदाच त्या हसल्या, दात नसलेलं, मोकळं.

सबिहानं "सांगायचं नाही" वर टिचकी मारली. चौसष्ट झाले.

रेंज सावळारामच्या घरात एकाच जागी यायची, गोठ्याच्या कोपऱ्यावर. तिथं खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली आणि पिशवीत सावळारामचा मोबाईल. तो वीतभर इकडंतिकडं हलवला तरी बंद. कुणाचा फोन आला की तिथंच स्पीकर लावून बोलायचं, सगळ्या घरानं ऐकायचं. या घराला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सबिहानं तिथं जाऊन फॉर्म पाठवला. फिरणारं चक्र थांबतं न थांबतं तोच तिचा फोन वाजला. प्रद्युम्न.

"सबिहाताई, आत्ताचा फॉर्म बघतोय. एका घरात दुसरं कुटुंब, तेही एका माणसाचं. असे फॉर्म मी सगळेच तपासतो, तुम्हाला माहितीये. दिलेल्या नंबरवर लावतो. तुम्ही मधे बोलू नका. तुमचे दोन झालेत, म्हणून आधी सांगितलं."

पोरगा खरंच वाईट नव्हता.

तेवढ्यात सावळाराम तिथं आला. त्यानं विचारलं, "मॅडम, कार्ड साधारण कधी हातात येईल?" सबिहानं खरं ते सांगितलं. हे रेशनचं नाही, सरकारचंही नाही, यातून कुणाला काही मिळणार नाही. तोंड कसनुसं करून तो म्हणाला, "मग आमी सकाळपासून येड्यासारखं चुली फुंकतोय." आणि कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलून तो चूल विझवायला मागच्या पडवीकडं वळला.

"राहू दे," भिमाबाई पडवीतूनच म्हणाल्या. "भात शिजतोय."

"कसला भात, आई?" त्याला कळेना. त्याच वेळी खुंटीवरची पिशवी वाजायला लागली. कळशी तशीच हातात धरून त्यानं बोटानं फोन उचलला.

"नमस्कार, मी पाहणीतून बोलतोय. दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या. तुमच्या चुलीवर किती माणसं जेवतात?"

"पाच," सावळाराम म्हणाला. रेशन नाही म्हटल्यावर खोटं तरी कशाला बोलायचं?

सबिहानं गोठ्याच्या कुडाला हात टेकला. संपलं. मनातल्या मनात ती खोलीची किल्ली परत करूनही आली, न मिळालेल्या खोलीची.

"पाच? इथं चार लिहिलंय. तुमच्या आई निराळ्या चुलीवर ना?"

"न्हाई ओ साहेब. त्ये आपलं रेशनचं म्हनून… आई आमच्यातच हाय. निराळं काय?" त्याच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता. आई निराळी असं परक्यानं फोनवर म्हणावं, हे त्याला लागलं होतं. आपणच तासाभरापूर्वी तसं सांगितलं हे तो विसरून गेला होता.

"भिमाबाई आहेत का तिथं? त्यांच्याशी बोलायचंय."

भिमाबाई पळी हातात घेऊनच आल्या. फोनच्या पिशवीपुढं उभ्या राहिल्या, देवापुढं राहतात तशा. नर्सरीवरून नुकतीच आलेली सुलक्षणा अंगणात पाय धूत होती, ती तशीच थांबली.

"आजी, तुम्ही कुठं जेवता?"

"मागं. पाण्याच्या चुलीपाशी."

"सगळ्यांबरोबर?"

"न्हाई. एकटी."

"आज काय केलंत?"

"भात. आळणी."

"बरं. आणि हे कधीपासून? आज की आधीपासून?"

सबिहानं डोळे मिटून घेतले.

"चार वर्सं झाली," भिमाबाई म्हणाल्या.

"पण आजी, तुमचे चिरंजीव तर म्हणतात तुम्ही त्यांच्यातच आहात."

"त्याला काय ठावं," म्हातारी साधेपणानं म्हणाली. रागानं नाही, तक्रारीनं नाही. "त्याचं जेवण आधी हुतंय."

पुण्यात काहीतरी टाईप केल्याचा आवाज आला. "ठीक आहे. धन्यवाद, आजी," आणि फोन बंद झाला. सबिहाच्या मोबाईलवर हिरवी खूण आली. चिरेवाडी, सातपैकी सात, मंजूर.

सुलक्षणाचा एक पाय ओला, एक कोरडा. "आत्याबाई…" एवढंच ती म्हणाली. भिमाबाई म्हणाल्या, "भात लागंल," आणि मागं निघून गेल्या. सावळारामनं कळशी खाली ठेवली.

सव्वातीन झाले होते. सबिहानं पिशवी आवरली, निरोप घेतला. सावळाराम तिच्याबरोबर निघाला, फाट्यापर्यंत सोडतो म्हणाला. उतारावर तो दोन पावलं मागं चालत होता. जीप दिसायला लागली तेव्हा थांबून म्हणाला,

"मॅडम, आळणी का म्हनली आई?"

सबिहा थांबली.

"तुमाला सांगितलं असंल तिनं. एवढा तासभर बसल्या व्हता. चार वर्सं म्हनली. मला तर चार दिसाचं बी आठवंना की आई जेवताना बघितलीय. कोण वाढतं तिला, काय खाती… काय सांगितलं तिनं?"

सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. हिरवी खूण आली होती, मोबाईल पिशवीत बंद होता, टिपणारं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. म्हातारीला उद्यापासून तिच्यापुरतं कालवण मिळालं असतं. पण त्या पडवीत तिनं आपल्या तोंडानं वाचलं होतं, घरातली माणसं यांपैकी कुणालाही. आणि म्हातारीनं दोनदा विचारून खात्री केली होती, मगच तोंड उघडलं होतं. संस्थेचा नियम असता तर आज तिनं तो मोडला असता. हा नियम आता संस्थेचा राहिला नव्हता.

"मला सांगता येत नाही, दादा."

"आईचं लेकाला बी न्हाई?"

"नाही. तुम्हीच विचारा त्यांना."

"काय म्हनून इचारू?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, घरात उत्तर सगळ्यात आधी देणारा, आणि आईला प्रश्न कसा विचारायचा हे रस्त्यात एका परक्या बाईला विचारत होता. चौसष्ट प्रश्न पाठ असलेल्या सबिहालाही पटकन सुचेना.

"आई, जेवलीस का, असं विचारा," ती म्हणाली. "मग त्या काही बोलल्या तर म्हणा, आणखी काही? एवढंच म्हणायचं. मधे बोलायचं नाही."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. सबिहा पुढं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसली. जीप भरून निघायला मात्र आणखी पाव तास गेला. वळणाआधी तिनं एकदा वर पाहिलं. सावळाराम चढण चढून अंगणात पोचला होता. तो पुढच्या दाराशी गेला नाही. घराला वळसा घालून मागं गेला, जिकडून अजून थोडा धूर निघत होता.

"झालं का काम, मॅडम?" जीपवाल्यानं विचारलं.

"झालं," सबिहा म्हणाली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.